डूगी आंघोळीला गेलाय

घंटा वाजली तेव्हा नेटा क्रुकशँक भावाच्या खुर्चीत, भावाच्या सपाता घालून, ॲबर्डीनच्या बंदरात शिरणारं एक निळं जहाज बघत बसली होती आणि अगदी सुखात होती. या घरात गेल्या चार महिन्यांत घंटा म्हणून वाजली नव्हती. समोरच्या मिसेस लीपर दारावर बोटांनी टकटक करायच्या, टपालवाला फटीतून कागद सरकवून जायचा. त्यामुळे या घंटेचा आवाज कसा आहे हेच नेटाला ठाऊक नव्हतं, आणि तो निघाला एवढा कर्कश की हातातल्या कपातला चहा तिच्या मांडीवर हिंदकळला. तशीच ओला स्कर्ट झटकत ती गेली आणि तिनं दार उघडलं. बाहेर तिशीची एक बाई उभी होती. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, आणि तीन जिने चढून आल्यामुळे लागलेली धाप. आपलं नाव मॉर्वेन टॉश, कौन्सिलच्या घरखात्यातून आलेय, असं तिनं सांगितलं आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "डग्लस क्रुकशँक यांचंच घर ना हे?"

"हो," नेटा म्हणाली. "डूगी आंघोळीला गेलाय."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. मंगळवारी दुपारी दोन वाजता सत्तावन्न वर्षांचा कुठला बाप्या आंघोळीला जातो, हा प्रश्न नेटाला पडला, पण वाक्य तोंडातून सुटल्यावर. खरं म्हणजे डूगी त्या क्षणी उत्तरेला तीस मैलांवर समुद्राकाठच्या तुरुंगात होता. एका पबबाहेर, फुटबॉलच्या कुठल्याशा फालतू वादात, त्यानं आपल्याच वयाच्या एका माणसाचा जबडा मोडला होता आणि न्यायाधीशानं त्याला दहा महिने दिले होते. हे सगळं त्या बाईला माहीत नसेलच असं नाही. पण मॉर्वेन टॉशनं एकदा नेटाच्या पायातल्या भल्यामोठ्या सपातांकडे बघितलं, एकदा फाइलकडे बघितलं, तिच्या कपाळावर एक आठी आली, आणि "अस्सं? मग मी थांबते," म्हणून ती सरळ आत येऊन खुर्चीच्या समोरच्या बाकड्यावर बसली. नेटानं चहा विचारला, तो तिला नको होता. मग करण्यासारखं काही उरलं नाही. आंघोळीला गेलेल्या माणसाच्या घरात पाण्याचा आवाज यायला हवा, एवढंच नेटाला सुचलं. "बघते हं त्याचं कुठवर आलंय," असं म्हणून ती बाथरूममध्ये शिरली, आतून कडी लावली आणि तिनं गरम पाण्याचा नळ पुरता सोडला.

टबाच्या काठावर ती बसली. पाणी धो धो पडू लागलं, आरसा धुरकटायला लागला, आणि तिच्या लक्षात आलं की ही थाप काही तिची नव्हती. ती आईची होती. लहानपणी, नदीपलीकडे टॉरीत त्यांचं एका खोलीचं बिऱ्हाड होतं तेव्हा डूगीच्या नावानं दारात सतत कुणी ना कुणी उभं असायचं. शाळेचा हजेरी घेणारा माणूस, खिडकीची काच फुटलेला दुकानदार, कुणाची तरी रडवलेली पोर घेऊन आलेली आई. आणि आई, तिथल्या तिथे मासळीच्या वासाचे हात पुसत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगायची, आंघोळीला गेलाय. कारण आंघोळीला गेलेल्या माणसाला कुणी बाहेर ओढत नाही, असं तिचं शास्त्र होतं. दर वेळी तो आंघोळीला गेलेला नसायचा, पण शनिवारी मात्र खरोखरच असायचा. शेगडीसमोर पत्र्याचा टब ठेवून सहा वर्षांनी मोठी असलेली नेटा त्याला घासायची. पाणी पार गार झालं तरी तो बाहेर यायला तयार नसायचा. गुडघे छातीशी घेऊन, ओठ निळे पाडून, अजून ऊनच आहे असं सांगत बसायचा, आणि तिनं काढायला हात घातला की हसत हसत तिलाच भिजवायचा. त्या हसण्याची आठवण झाली आणि नेटाला या बंद बाथरूममध्ये, कौन्सिलची बाई बाहेर बसलेली असताना, हसू आलं. पठ्ठ्यानं आयुष्यभर तेच तर केलं होतं. पाणी गार झाल्याचं त्याला कधी कळलंच नाही.

मे महिन्यात कोर्टाबाहेर मात्र ती हसली नव्हती. त्याला गाडीकडे नेताना दोन मिनिटं मिळाली तेव्हा तिनं आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, की फोन करू नकोस, पत्र पाठवू नकोस, मी भेटायला येणार नाही, सुटशील तेव्हा बघू. एकतीस वर्षं तिनं फिश-हाउसमध्ये मासे कापले होते, नाकासमोर चालून, कुणाचं एक बोट स्वतःकडे वळू न देता, आणि आता ज्या माणसाचा जबडा मोडला त्याच्या बहिणीशी तिची बसमध्ये गाठ पडायची. ती बाई काहीच बोलायची नाही, नुसती खिडकीबाहेर बघायची, आणि नेटाला वाटायचं धरणीनं पोटात घ्यावं. डूगीनं निमूटपणे मान डोलावली होती. आणि या जन्मात पहिल्यांदाच त्यानं बहिणीचं ऐकलं. फोन नाही, पत्र नाही, काही नाही. पहिल्या आठवड्यात तिला हे बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, याच्या फ्रिजमधलं दूध नासलं असेल. म्हणून निव्वळ दूध ओतून टाकायला म्हणून ती त्याची जादा किल्ली घेऊन इथं आली. दूध ओतलं, बाटली विसळली, आणि जाता जाता शेजारच्या जिन्याच्या तोंडाशी तिला एक लोखंडी कचरापेटी दिसली, खोलीएवढी. तिच्यात एक किटली होती, एक मासेमारीची काठी होती, आणि काचेत मढवलेला लग्नाचा फोटो होता. तिथं उभी असलेली एक बाई सांगत होती की या जिन्यातला तिसऱ्या मजल्यावरचा तो दोन वर्षांसाठी आत गेला ना, त्याचं घर परत घेतलं कौन्सिलनं. दारावर नोटीस चिकटवली, चार आठवडे वाट बघितली आणि घेतलं.

त्या फोटोतली नवरी फार हसरी होती. नेटा घरी गेली ती रात्रभर, नाही, रात्रीचं सोडा, पुढचा सगळा आठवडा तिच्या डोळ्यांसमोरून ती कचरापेटी हलेना. बायकोनं हाकलल्यावर डूगी दीड वर्ष नेटाच्या सोफ्यावर झोपला होता आणि मग दोन वर्षं बेघरांच्या वसतिगृहात. त्या दिवसांत तो दुपारी बारालाच झोकांड्या खायचा. मग हे घर मिळालं. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, बंदरावर उघडणारी खिडकी. त्यानं पहिल्याच आठवड्यात भिंती स्वतः रंगवल्या आणि पिणं शनिवारपुरतं आणलं. त्या शनिवारानंच घात केला ते वेगळं. पण घर गेलं तर सुटून तो पुन्हा सोफ्यावर येणार, सोफ्यावरून वसतिगृहात, आणि वसतिगृहातून कुठं, हे नेटाला अगदी स्वच्छ दिसत होतं. परांची सोडवताना पाठीचा मणका दुखावल्यापासून त्याला काम नव्हतं. भाडं सरकारी मदतीतून परस्पर कौन्सिलकडे जायचं. आता ज्याला सरकार आत बसवून खायला घालतंय त्याच्या बाहेरच्या घराचं भाडं कोण कशाला भरेल? ती मदत त्याच दिवशी बंद झाली असणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. पण मे संपत आला तरी थकबाकीचा एक कागद दारातून आला नाही. तेव्हा तिनं ठरवलं की कुठल्या तरी कचेरीत कुठल्या तरी कारकुनाची चूक झालेली आहे, देवाच्या दयेनं झालेली आहे, आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आपण श्वाससुद्धा हळू घ्यायला हवा. चूक झाकायची म्हणजे घर नांदतं दिसायला हवं.

आणि मग तिनं ते नांदवलं. रोज दुपारी यायचं, पडदे सरकवायचे, रेडिओ लावायचा, एक वाटी तरी विसळायची, निघताना दिवा ठेवून जायचं. या जिन्याचा एक रिवाज आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी येऊन लटकते, आणि त्या आठवड्यात त्यानं आपल्या मजल्याचा जिना धुवायचा, मग पाटी समोरच्या दाराला. डूगी म्हणजे एक बादली वरून ओतणार आणि झालं म्हणणार. नेटाला तसलं जमेना. तिनं गुडघ्यावर बसून, साबणानं, कोपरे खरवडून, पायरीन् पायरी धुतली, कठड्याचं पितळ घासलं. तिला वाटलं आपण शंकेला जागा ठेवली नाही. आणि दुसऱ्या दिवशी मिसेस लीपर विचारायला आल्या, की डूगी बरा आहे ना. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत चालणाऱ्या या म्हातारीसमोर नेटाची जीभ सुटली आणि तिनं डूगीला नॉर्वेला पाठवून दिलं. तेलाच्या कामावर, मोठं कंत्राट, वर्षभराचं. एकदा पाठवल्यावर त्याला तिथं सांभाळणं आलं. मिसेस लीपर दर आठवड्याला विचारायच्या तिकडची हवा कशी आहे, म्हणून नेटा वर्तमानपत्रात बर्गनचं तापमान बघून ठेवू लागली. बर्गनला पाऊस असला की तिला खरोखर डूगीची काळजी वाटायची, छत्री नेली असेल का त्यानं. जुलैमध्ये तर तिनं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून तिकडचं ते तपकिरी, गोडसर चीज आणलं आणि डूगीनं पाठवलंय म्हणून मिसेस लीपरना अर्धी वडी कापून दिली. त्या दिवशी आपल्या पाताळयंत्री बुद्धीचं तिला इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना ती पुलावर मधेच थांबून एकटीच हसली.

तिला कुणी विचारलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं, पण हे चार महिने तिच्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. तिच्या स्वतःच्या घराची खिडकी एका भिंतीकडे बघते. इथं दुपारी उन्हाचा एक चौकोन चटईवरून सरकत खुर्चीपर्यंत यायचा आणि ती त्यात पाय ठेवून बसायची. बाहेर जहाजं यायची, जायची, सीगल पक्षी कुणाच्या हातातली चिप्स पळवायचे. जिन्यातून लोक वरखाली करायचे आणि हवेबद्दल दोन शब्द बोलायचे. एकदा रेडिओवर जुना वॉल्ट्‌झ लागला तेव्हा डूगीच्या सपाता घालून ती स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत नाचत गेली होती. पासष्टीला दोन वर्षं उरलेल्या बाईनं, परक्या घरी, भर दुपारी. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं ओटा पुसला होता. आणि ओटा पुसता पुसता तिला रडू आलं होतं, कारण त्याची खुर्ची होती, त्याची बशी होती, सगळं जागच्या जागी होतं, आणि तिनंच त्याला बजावलं होतं की फोन करू नकोस.

टबात पाणी चढत चालल्याचं तिच्या लक्षात आलं. आता काय? खरं सांगावं तर घर दहा महिने रिकामं हे उघड होणार, ती कारकुनाची देवदयेची चूक सापडणार आणि दारावर नोटीस. खोटं रेटावं तर टबातून माणूस कुठून काढणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाहेरून मॉर्वेन टॉशनं बाकड्यावरून उठल्याचा आवाज आला. नेटाला वाटलं आता ती दारावर येणार. घाबरून तिनं आवाज होता होईल तो जाडा केला आणि डूगीच्या थाटात म्हणाली, "आलोच हं." तो आवाज माणसाचा नव्हता. बंदराच्या तोंडाशी खडकावर सील पडलेले असतात त्यातल्या एखाद्या आजारी सीलचा होता. मग मॉर्वेन टॉशनं काळजीनं विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना आत?"

तेव्हा नेटाला जे हसू फुटलं ते तिला आवरेना. टॉवेल तोंडात कोंबला तरी आवरेना. धुरकटलेल्या आरशात तिला एक लालबुंद तोंडाची, केस विस्कटलेली, भावाच्या सपातांतली म्हातारी दिसली आणि तिला कळलं की आपल्याच्यानं आता यापुढची एकही थाप होणार नाही, आपला साठा संपला. हसता हसता तिला हलकं वाटायला लागलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. घर जायचं असेल तर जाईल, पण आईसारखं चेहऱ्याची सुरकुती न हलवता उभं राहणं तिला कधीच साधलं नव्हतं आणि ते साधायला हवं होतं असंही तिला आज वाटेना. तिनं नळ बंद केला, चेहरा पुसला, कडी काढली आणि बाहेर येऊन उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"तो आत नाही. तुरुंगात आहे. चार महिने झाले, अजून सहा राहिलेत. मी त्याची बहीण. मीच रोज येऊन दिवे लावते, म्हणजे तुम्हाला कळू नये."

मॉर्वेन टॉशनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की फाइलवरचा कागद हलला. ती म्हणाली, बरं झालं बाई तुम्ही सांगितलंत, कारण मी म्हटलं आता हा पळून आला की काय आणि मला पोलिसांना फोन करावा लागतोय की काय. तुरुंगात आहे ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. फाइलच मुळी त्याची होती. तिला यायचं कारण वेगळंच होतं. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी कळवलं होतं की या घरात रोज एक बाई येते, दिवे लागतात, रेडिओ वाजतो, मग माणूस आत असताना घर कुणाला परस्पर भाड्यानं तर दिलेलं नाही? दिलेलं असतं तर मात्र त्याची मदत त्याच दिवशी बंद झाली असती. म्हणजे ज्या दिव्यांनी आपण घर राखतोय असं नेटाला वाटत होतं ते दिवेच घर घालवायला निघाले होते. ती खुर्चीत बसली. आणि मग, आता गेलंच आहे सगळं तर पूर्ण कबुली द्यावी, म्हणून तिनं खालच्या आवाजात सांगितलं की भाड्याची मदत अजून चालू राहिलीय ती कुणाची तरी चूक आहे, त्यात डूगीचा काही दोष नाही, त्या कारकुनाला शिक्षा करू नका.

"चूक कुठली?" मॉर्वेन म्हणाली. "त्याचा हक्कच आहे तो. एकटा माणूस, सहा महिन्यांच्या आत परत येणार, घर दुसऱ्याला दिलेलं नाही, म्हणजे भाडं चालूच राहतं."

"पण त्याला दहा महिने झालेत."

"दहा महिन्यांची शिक्षा झाली. बसायचं निम्मं. तो आठ ऑक्टोबरला सुटतोय."

नेटानं मान वळवली. खिडकीबाहेर ते निळं जहाज धक्क्याला लागत होतं आणि एक माणूस दोर फेकत होता. दोर खुंटीला बसला, माणसानं हात झटकले. आठ ऑक्टोबर. आज सोळा सप्टेंबर. तिनं मनात मार्च धरून ठेवला होता. ख्रिसमसला याच खुर्चीत एकटीनं बसायचं, नवं वर्ष एकटीनं, जानेवारीतले ते चार वाजता अंधारणारे दिवस एकटीनं, सगळं तिनं मनात आधीच जगून ठेवलं होतं, आणि आता एक परकी पोरगी तो सगळा हिवाळा उचलून बाजूला ठेवत होती, बाकड्यावरची उशी बाजूला सारावी इतक्या सहज. तीन आठवडे. तिनं बोटं मोजली, पुन्हा मोजली. छातीत काहीतरी इतकं जोरात उसळलं की तिला भीती वाटली आपण ओरडू. ती ओरडली नाही, पण तिनं मॉर्वेन टॉशचा हात धरला आणि तो सोडायचं तिच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. मॉर्वेननंही तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं तिनं फाइल उलटली आणि म्हणाली, आता मला एवढंच हवं आहे की इथं कुणी बिऱ्हाड करून राहत नाही हे तुम्ही लिहून द्या, बाकी त्यानं मे महिन्यातच भरून दिलंय. तुरुंगात पहिल्या आठवड्यात एक फॉर्म भरून घेतात, घर आहे का, परत यायचं आहे का, वगैरे. तिनं तो फॉर्म नेटापुढे सरकवला. डूगीचं अक्षर नेटानं वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. अजून तसंच होतं, सगळी अक्षरं दारू प्यायल्यासारखी एकमेकांना टेकलेली. परत यायचं आहे का, या प्रश्नापुढे त्यानं हो लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. तुमच्या मागे घराकडे कोण बघेल, असा शेवटचा प्रश्न होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'बहीण, नेटा. नाही म्हणाली आहे, पण जाईल.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून स्कर्टच्या कोरड्या बाजूला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. कोर्टाच्या दारात एवढं सगळं ऐकून घेऊन, मान डोलावून, आठवड्याच्या आत हे लिहून मोकळा. बेरकी कुठला. तिला वाटत होतं ती त्याच्या नकळत येतेय, आणि तो पहिल्यापासून तिच्या भरवशावर निवांत बसलाय. राग यायला हवा होता, पण नुसता आनंदच येत होता. मॉर्वेननं दाखवलं तिथं तिनं सही केली. मग मॉर्वेननं विचारलं, तुरुंगात कैद्यांच्या घरांचं बघणाऱ्या माणसाशी माझं बोलणं होतं, डग्लसला तुमचा नंबर कळवू का? त्याच्या फोनच्या यादीत तुम्ही नाही आहात. "नाहीये खरी," नेटा म्हणाली आणि नंबर एकेक आकडा सुटा करून, दोन वेळा सांगितला.

मॉर्वेन जिना उतरून गेल्यावर नेटा दारातच उभी राहिली. आत जाववेना. एवढी मोठी गोष्ट एका माणसात मावत नाही, ती कुणाला तरी सांगावीच लागते, आणि सांगण्यासारखं एकच दार समोर होतं. तिनं मिसेस लीपरच्या दारावर टकटक केली. काठीचा आवाज आला, दार उघडलं, आणि तिनं श्वास न घेता सांगितलं की डूगी नॉर्वेला नाही, तुरुंगात आहे, मी तुम्हाला थापा मारल्या, आणि तो आठ तारखेला सुटतोय. मिसेस लीपरनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मे महिन्यात शिक्षेची बातमी पेपरात आली होती, त्या म्हणाल्या, पान नऊवर. दहा महिने म्हणजे पाच, हे मला तेव्हाच कळलं. माझा पुतण्या दोनदा जाऊन आलाय, मला सगळी गणितं पाठ आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. चार महिने ती या दारासमोरून बर्गनचं तापमान घेऊन येत-जात होती, आणि एकदा, फक्त एकदा, खरं बोलली असती तर ऑक्टोबर तिला तेव्हाच मिळाला असता.

"मग मला बोलला का नाहीत?" तिनं विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात," मिसेस लीपर म्हणाल्या. "आणि चीज फार छान होतं हो."

दोघी त्या दिवशी मिसेस लीपरकडे साडेपाचपर्यंत बसल्या. पुतण्याच्या दोन्ही खेपांची हकीकत झाली, गेलेल्या मिस्टर लीपरची झाली, आणि शेरीचा एकेक छोटा पेला झाला. ज्याचा जबडा मोडला त्याची गोष्टही नेटानं स्वतःहून काढली. डूगीनं केलं ते वाईटच केलं, हे तिनं मोठ्यानं म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे वाक्य ती चार महिने कुणालाच म्हणू शकली नव्हती, कारण तिच्या हिशेबी डूगी नॉर्वेत होता आणि नॉर्वेतल्या डूगीनं कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. पुढच्या वेळी बसमध्ये त्या माणसाची बहीण भेटली तर तिला भावाचं कसं आहे म्हणून विचारायचं, असं तिनं ठरवलं. उत्तर मिळो न मिळो.

फोन गुरुवारी दुपारी आला. ती भावाच्या घरीच होती, खिडकीच्या काचा आतून-बाहेरून पुसत. पलीकडून आधी नुसतीच घरघर ऐकू आली, मग कुणीतरी घसा साफ केला.

"नेटा, तू आहेस का गं?"

तिला वाटलं होतं आपण आधी त्याची चांगली हजेरी घेऊ. मनाशी तयारी झाली होती, दोन दिवस ती तेच घोळत होती. पण आवाज ऐकल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. आहे, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं की घराला काही झालंय का. फोन कर असा निरोप आला तेव्हापासून त्याला वाटत होतं गेलं घर. काही झालेलं नाही, ती म्हणाली, घर जागच्या जागी आहे आणि तुझ्याच नावावर आहे. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडत असावा, पण विचारायची सोय नव्हती, तिचे स्वतःचे डोळे वाहत होते आणि हातात ओलं फडकं होतं. शेवटी तोच म्हणाला, की तू येशीलच हे मला माहीत होतं. ती म्हणाली, वाचलंय मी तू काय लिहिलंस ते, जास्त शहाणपणा नको.

"आठ तारखेला किती वाजता सोडतात?"

"सकाळी. नऊच्या सुमाराला. बसचं तिकीट देतात, मी येईन माझा माझा."

"मी फाटकावर येते."

"तू? कशाला नेटा? तिथं सगळे उभे असतात. इथली अर्धी पोरं आपल्याच भागातली, त्यांच्या आया असतात, बायका असतात. कुणीतरी ओळखेल तुला."

"ओळखू दे," नेटा म्हणाली. "मी लाल कोट घालून येणार आहे."